सव्वापाच रत्तीचा नीलम

१

लालासाहेबांनी टेबलावर आधी कागद ठेवला, मग अंगठी. पंचवीस वर्षं फौजेत काढलेला माणूस. कागद आठ वर्षांपूर्वीचा, पण प्लॅस्टिकच्या पिशवीत घडीही न मोडता सांभाळलेला. चंदनानं तो उलगडला आणि खाली तिला स्वतःचीच सही दिसली.

सांगलीच्या सराफ पेठेत वडिलांच्या बंद झालेल्या दुकानामागची एक खोली चंदनानं आपल्यासाठी राखली आहे. तिथं ती रत्नं तपासून देते आणि रत्नपारख शिकवतेही. वय बावन्न, संसार मांडलेला नाही, बोलणं थोडं फटकळ. तिचा दाखला म्हणजे दगडावरची रेघ, असं पेठेत मानतात. तिला स्वतःलाही त्या दिवसापर्यंत तसंच वाटत होतं.

"वळखलं का ताई?"

"ओळखलं, सुभेदार. नीलमाची अंगठी. खडा कुणीतरी बदलला होता."

"कुनी, त्येच शोधून पायजे." म्हाताऱ्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. "येत्या सोमवारी वडूजच्या कोर्टात तारीख हाय. आमचा यशराज आन् सूनबाई, दोघांच्या काडीमोडाच्या कागदावर सह्या व्हनार. त्याआदी मला खरं काय ते कळाया पायजे."

"आठ वर्षांपूर्वी कळलं नव्हतं का?"

"कळलं आसं वाटलं हुतं," लालासाहेब म्हणाले.

हकीकत चंदनाला साधारण आठवत होती. वीस वर्षांपूर्वी सुभेदार पेन्शनवर गावी आले आणि साडेसाती लागली. ज्योतिषानं नीलम सांगितला, वजन सव्वापाच रत्ती. ग्रहाचा खडा नेहमी असाच सव्वाच्या हिशेबात घालतात. तो त्यांनी याच दुकानातून, चंदनाचे वडील धरणेंद्र यांच्याकडून घेतला आणि अंगठीही इथंच घडवली. बारा वर्षं अंगठी बोटात होती. मग ट्रॅक्टरवरून पडून हात मोडला, बोटं सुजली, अंगठी उतरवावी लागली. दोन महिने ती सूनबाईच्या, दीपमालाच्या कपाटात होती आणि किल्ली तिच्याच कमरेला. प्लास्टर निघाल्यावर दीपमालाच अंगठी पॉलिशला घेऊन वडूजच्या नाथाजी सोनाराकडे गेली. नाथाजीनं बघितलं आणि म्हणाला, हा नीलम नव्हे.

सुभेदार तसेच तडक सांगलीला आले होते. "आमच्या दुकानातून खरा नीलमच गेला," असं धरणेंद्रांनी गादीवर बसून सांगितलं आणि चंदनानं तपासून दाखला दिला. पुढं काय झालं ते तिनं उडत उडत ऐकलं होतं. सून माहेरी गेली, दहिवडीच्या बाजूला, माणच्या माळावर. मूलबाळ नव्हतं, त्यामुळं अडवायलाही कुणी नव्हतं. ते ऐकून आपल्या दाखल्यामुळं चोरी सापडली म्हणून चंदनाला बरं वाटलं होतं. 

"मग आज शंका का आली?"

"मंडळी म्हनती, दीपानं घेतला न्हाई. सोमवारी सही झाली तर माझ्या ताटात वाढनार न्हाई म्हनती. कशावरनं म्हनती, त्ये काय सांगंना."

"तुम्ही विचारलंत?"

"बायामान्साला खड्यातलं काय कळतंय?"

 चंदनानं अंगठी पुन्हा तपासली. निष्कर्ष तोच निघाला. नीलम प्रकाशाला जेवढा वाकवतो तेवढा हा वाकवत नव्हता. नीलमाचा आकडा एक पूर्णांक शहात्तरच्या आसपास येतो, इथं जेमतेम एक पूर्णांक चोपन्न. हा आयोलाइट, ज्याला जयपूरकडचे व्यापारी काकानीली म्हणतात. वरून बघितला तर नीलमाचा सख्खा भाऊ, पण जात सगळी निराळी.

मग तिनं आपला जुना कागद ओळीनं वाचला. प्रकाशाचा आकडा बरोबर. 'पैलूंच्या कडा झिजलेल्या, पृष्ठावर बारीक ओरखडे', तेही बरोबर. शेवटची ओळ होती, 'मूळ नीलम काढून हा खडा बसवलेला आहे.'

त्या ओळीवर तिचं बोट थांबलं. यंत्र खडा काय आहे एवढं सांगतं. तो आधी काय होता, हे जगातलं कुठलंही यंत्र सांगत नाही. मग ही ओळ तिनं कशाच्या जोरावर लिहिली होती?

"अंगठी चार दिवस माझ्याकडं राहू द्या," ती म्हणाली. "फी नको."

२

यशराजचं वर्कशॉप कुपवाडला. पत्र्याची शेड, दोन लेथ, दारात चार दुचाक्या. चाळिशीचा माणूस, पण डोळ्यांखाली पन्नाशी उतरलेली. चंदना अंगठीचं विचारायला आली म्हटल्यावर त्यानं हातातलं काम ठेवलं नाही.

"त्यात आता काय राह्यलंय मॅडम? सोमवारी सगळं संपतंय."

"ज्या दोन महिन्यांत अंगठी कपाटात होती, तेव्हा तुम्ही घरी होता?"

"शनवार-आयतवार यायचो."

"हा मोठा लेथ कधी घेतला?"

प्रश्न तिनं सहज विचारला होता. मशिनवर बसवलेल्या पाटीवर तारीख होती, ती तिनं आत शिरतानाच वाचली होती. नेमकं तेच वर्ष. यशराजचा हात थांबला. त्यानं मशिन बंद केलं.

"मी खडा घेतला न्हाई," तो म्हणाला.

"मी तसं म्हटलं नाही."

"पन इचारलं त्येच." त्यानं फडक्याला हात पुसले. "बँकेला भरायला पैसं कमी पडत हुतं. दीपानं आणून दिलं. एकरकमी. कुठनं आणलं म्हनून मी इचारलं न्हाई. म्हैन्याभरानं नाथाजीनं आसं सांगितलं. मंग मला कळलं, कुठनं आणलं असतील."

"म्हणजे तुम्हाला वाटतं, खडा तिनंच विकला?"

"माझ्यासाठी इकला. म्हनून मी तिला चोर म्हनलं न्हाई. आन् न्हाई असंबी म्हनलं न्हाई. मी गप बसलो." त्यानं लेथवर हात ठेवला. "ह्या मशिनवर रोज उभा ऱ्हातो. रोज तिची आठवन येती."

चंदना शेडबाहेर आली तेव्हा तिला या माणसाचा राग आला होता आणि कीवही. हेतू मिळाला, संधी मिळाली, पैसेही मिळाले. सगळं दीपमालाच्या अंगाला चिकटत होतं. कुणीही शहाण्यानं इथंच वही मिटली असती.

पण त्या झिजलेल्या कडा तिला सोडत नव्हत्या.

३

वडूजला नाथाजी सोनार दुकानाच्या पायरीवर ऊन खात बसले होते. त्यांचंही नाव त्या वेळी गावात खराब झालं होतं. अंगठी त्यांच्या हातात गेली होती ना. बऱ्याच गिऱ्हाइकांनी तेव्हापासून पायरी सोडली.

"माझ्यावर आळ घ्यायला आलात, का काडाया?" त्यांनी विचारलं.

"मला अजून माहीत नाही," चंदना म्हणाली. ते उत्तर म्हाताऱ्याला आवडलं असावं. त्यांनी सरकून जागा दिली.

तिनं भिंगाखाली अंगठी दाखवली. खड्याला चहूबाजूंनी सोन्याची कड दाबून बसवलेली, बंद कोंदण. खडा फक्त वरूनच दिसतो, बाजू आणि तळ सोन्यात गडप.

"तुम्ही हे कोंदण उघडलं होतं?"

"न्हाई. पॉलिश करताना वरनंच वळखलं. खडा लय मऊ लागला. कडा गेल्याल्या. नीलम कवा आसा झिजतोय व्हय?"

"कुणीतरी उघडून परत दाबलं असेल. कसबी कारागिरानं."

नाथाजी हसले. हातातली तंबाखू झाडून आत गेले, हत्यार घेऊन आले आणि तिच्या डोळ्यांदेखत सोन्याची कड उचलून खडा बाहेर काढला. दहा मिनिटांचं काम. मग त्यांनी अंगठी पुन्हा भिंगाखाली सरकवली.

"आता बगा. मी चाळीस वर्सं ह्येच केलंय. सांबाळून सांबाळून काढला, तरी सोन्याला वळ पडला का न्हाई? ह्यो मगाशी हुता का?"

मगाशी नव्हता. कड एकसंध होती, वापरानं घासून गुळगुळीत झालेली, एकाही हत्याराची खूण नसलेली. चंदनानं खडा वजनकाट्यावर ठेवला. सव्वापाच रत्ती भरला, अगदी नेमका.

ती मनाशी हिशेब मांडू लागली. नीलम हिऱ्याच्या खालोखाल कठीण, शेतातल्या मातीनं त्याला काही होत नाही. आयोलाइट गारगोटीच्या बरोबरीचा, आणि मातीत तर गारगोटीचाच चुरा असतो. या खड्यावर कष्टाच्या हाताची वर्षानुवर्षांची झीज होती. दोन महिने कपाटात पडलेल्या खड्याची एवढी झीज होत नाही. कुणी मुद्दाम जुना, वापरलेला खडा आणून बसवला म्हणावं, तर कोंदण उघडलेलंच नव्हतं.

"ताई," नाथाजी म्हणाले, "हे कोंदण ज्या दिवशी दाबलं, त्या दिवसापास्नं ते कुनी उघडल्यालं न्हाई. तवा माझ्यावरच आळ, माझं कोन ऐकनार? मंग ज्यानं दाबलं त्यालाच इचारा की."

अंगठी कुणाच्या दुकानात घडली होती, हे पायरीवर बसलेल्या दोघांनाही ठाऊक होतं. नाथाजींनी नाव घेतलं नाही. चंदनानंही घेतलं नाही. अजून एका माणसाला विचारायचं राहिलंय, असं तिनं स्वतःला बजावलं आणि सुभेदारांच्या वाडीची वाट धरली.

४

सुभेदारांची बायको अंबूबाई ओसरीवर हुलगे निवडत होत्या. लालासाहेब उठून सामोरे आले, तर त्यांच्याकडं न बघता त्या म्हणाल्या, "तुमी जरा शेताकडं जावा." सुभेदार निमूट गेले.

"आक्का, दीपमालानं खडा घेतला नाही, असं तुम्ही कशावरून म्हणता?"

अंबूबाईंनी सूप खाली ठेवलं. "इचारलं बाई एकदाचं कुनीतरी."

मग त्यांनी सांगितलं. नीलम म्हणजे उग्र खडा. मानवतो की उलटतो, हे बघायला अंगठी घडवण्याआधी तो सुटाच घरी आणतात आणि निळ्या फडक्यात बांधून तीन रात्री उशाखाली ठेवतात. सुभेदारांनी तो आणला आणि ठेवायचं काम बायकोवर टाकलं. तिसऱ्या दिवशी सकाळी परत पुडीत बांधताना तिनं तो खिडकीत उजेडाला धरला.

"वरनं बगितला तर निळा, जांभळावानी. म्हनलं बगू तरी, एवढं पैसं घातल्यात. जरा आडवा धरला, तर निळा कुटं गेला कुनाला ठावं. ताकाची निवळ आस्ती न्हवं, पिवळट, पान्यावानी, तसा दिसाया लागला. परत फिरवला, परत निळा. मी भ्याले."

 नीलम दोन दिशांनी बघितला तर फार तर एक निळा आणि दुसरा जरा हिरवट निळा दिसतो. निळ्याचा ताकाच्या निवळीसारखा होणारा खडा एकच. आयोलाइट. शिकवताना विद्यार्थ्यांना हे सांगायला तिला एवढी नेमकी उपमा कधी सुचली नव्हती.

"हे तुम्ही कुणाला सांगितलं नाही?"

"आधी सांगितलं न्हाई, कारन शनीच्या खड्याला नावं ठिवायची नसत्यात. उलटतोय. मागनं सांगाया गेले, तर ह्ये म्हनले, तुला काय कळतंय. दीपा गेली त्या दिशी मी चुलीम्होरं बसून ऱ्हायले. उठून दारात आडवं व्हायला पायजे हुतं." त्यांनी डोळ्याला पदर लावला नाही, नुसत्या सुपाकडं बघत राहिल्या. "खडा हुता तसाच हाय, येवढं मला कळत हुतं. कसं सांगायचं, त्ये कळत न्हवतं."

त्या आत गेल्या आणि देवाऱ्याखालच्या डब्यातून एक पावती घेऊन आल्या. वीस वर्षांची, घड्यांवर फाटलेली. 'नीलम नग एक, वजन सव्वापाच रत्ती.'

एकाच मापाचे दोन खडे घेतले, तर नीलम आयोलाइटच्या दीडपट भरतो. म्हणजे या कोंदणात बसणारा नीलम आठ रत्तीच्या घरात गेला असता. सव्वापाचचा नीलम असता, तर तो या कोंदणात सैल खुळखुळला असता. पावतीचं वजन, आजचं वजन आणि कोंदणाचं माप, तिन्ही एकाच खड्याची साक्ष देत होते. खडा कुणीही बदलला नव्हता. चोरी झालीच नव्हती.

पावतीवरचं अक्षर टपोरं, डावीकडं झुकलेलं. त्याच अक्षराखाली चंदनानं लहानपणी पाटीवर गिरवलं होतं.

५

ती घरी पोचली तेव्हा ऊन कलतं होतं. अण्णा, तिचे वडील, पाटावर बसले होते. धरणेंद्रांचं वय चौऱ्याऐंशी. सूर्य बुडाल्यावर ते पाण्याचा थेंबही घेत नाहीत, हा नेम त्यांनी आयुष्यात मोडलेला नाही. आता विचारलं तर ताट तसंच राहील, म्हणून चंदनानं त्यांचं जेवण होऊ दिलं. भाकरीचे चार घास खायला त्यांना अर्धा तास लागला. तो अर्धा तास तिला फार जड गेला.

मग तिनं पावती आणि खडा समोर ठेवला. अण्णांनी चष्मा लावला नाही.

"वडूजच्या सुभेदारांचा ना?" ते म्हणाले. "काकानीली आहे ती."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मीच दिली होती, मला माहीत नसायला काय झालं?"

त्यांनी जे सांगितलं ते असं. फार वर्षांपूर्वी त्यांनी मिरजेच्या एका गाडीवाल्याला अस्सल नीलम विकला. आठव्या दिवशी त्याचा मुलगा गेला. त्याची बायको दुकानात आली, खडा गादीवर ठेवला आणि एक शब्दही न बोलता गेली. तेव्हापासून अण्णांनी नीलम विकला नाही. पण ज्योतिषाचं चिठोरं घेऊन येणारा माणूस ऐकतो थोडाच. नाही म्हटलं तर शेजारच्या दुकानात जाणार. मग ते त्याला काकानीली देत. तीही त्याच ग्रहाची, पण स्वभावानं गरीब, कुणाचं वाईट करत नाही, असं ते मानत. किंमत नीलमाची घेत, नाहीतर गिऱ्हाइकाला संशय आला असता. वरचे पैसे दुसऱ्या दिवशी सकाळी मंदिराच्या पेटीत टाकत.

"त्यातला एक पैसा या घरात आला नाही, चंदू."

"मला माहीत आहे, अण्णा." आणि तिला खरंच माहीत होतं. दुसरा एखादा सराफ असता तर त्यानं सरळ फसवलं असतं, आणि पकडला गेला असता तर मुकाट पैसे परत केले असते. खोटं बोलूनही हाताला पाप लागू नये, ही तजवीज तिच्या अण्णांनाच सुचू शकत होती. पेटीत पैसे पडले की त्यांच्यापुरता विषय मिटत होता. "पण आठ वर्षांपूर्वी सुभेदार विचारायला आले, तेव्हा का नाही सांगितलंत?"

 बाहेर उजेड कमी होत चालला होता.

"तू समोर उभी होतीस," ते म्हणाले. "मुंबईहून शिकून आलेली. गिऱ्हाइकाला सांगत होतीस, आमच्या दुकानातून खोटा खडा जाणारच नाही. तुझ्यादेखत मला ते बोलवलं नाही. म्हटलं, फौजी माणूस आहे, हळहळेल आणि जाईल. खडाच तो."

"त्यांच्या सुनेवर आळ आला. आठ वर्षं ती माहेरी आहे."

"कुठली सून?"

त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. चंदनानं ऐकलं होतं, पण त्यात सांगण्यासारखं काही आहे असं तिला वाटलं नव्हतं.  अण्णांना तहान लागली असणार, कारण ते तांब्याकडं बघत होते. सूर्य बुडाला होता. त्यांनी तांब्याला हात लावला नाही.

चंदनाला रडू आलं ते तेव्हा. अण्णा तिच्यासमोर खोटं बोलले, कारण तिचा त्यांच्यावर विश्वास होता. आणि तिनं ती शेवटची ओळ लिहिली तीही त्याच विश्वासापोटी. तिनं सगळं तपासलं होतं, फक्त बापाचा शब्द तपासला नव्हता. दोघांनी एकमेकांचा मान राखला आणि किंमत भरली तिसऱ्याच एका बाईनं, जिचं तोंडही दोघांनी पाहिलं नव्हतं.

"कागद दे," अण्णा म्हणाले. "मी लिहून देतो."

६

रविवारी सकाळी सुभेदारांच्या जीपमधून तिघं दहिवडीच्या पुढं निघाले. यशराज गाडी चालवत होता. लालासाहेबांना चंदनानं फोनवर सगळं सांगितलं होतं. त्यावर ते फक्त "बरं" म्हणाले होते.

दीपमाला माळावरच्या वस्तीत पिठाची गिरणी चालवते. उंच, उन्हानं रापलेली बाई, कोपरापर्यंत पीठ. जीप बघून तिनं मोटार बंद केली. लालासाहेब गाडीतून उतरले नाहीत.

चंदनानं नवा दाखला वाचून दाखवला. खडा पहिल्यापासून आयोलाइटच होता. पूर्वीच्या दाखल्यातली शेवटची ओळ चुकीची होती, ती लिहिण्याला कसलाच आधार नव्हता. खाली चंदनाची सही, तिच्याखाली धरणेंद्रांचा कबुलीजबाब. दीपमाला पदरानं हात पुसत ऐकत राहिली.

"झालं?"

"झालं."

"मी खडा घेतला न्हाई, ह्ये मला ठाऊकच हुतं ताई. तुमाला आज कळलं. ह्यात मला काय नवीन मिळालं?"

 "मी माफी मागायला आले," चंदना म्हणाली.

"मागा की. मी न्हाई कुटं म्हनती?"

चंदनानं माफी मागितली. आयुष्यात तिनं कुणाची माफी मागितल्याचं तिला आठवत नव्हतं. दीपमालानं मान हलवली.

यशराज दाराशी उभा होता. "दीपा, त्ये लेथचं पैसं..."

"बाच्या शेरडांच्या खांडातली एकवीस शेरडं इकली. बा म्हनला, जावई वर येतोय, दे. तुमी इचारलं आसतं तर सांगितलं आसतं."

"मला वाटलं..."

"तुमाला काय वाटलं, त्ये मला तवाच कळलं. मामांनी तोंडावर चोर म्हनलं. राग आला, पन त्ये बोलून मोकळं झालं. तुमी मनात म्हनलात. आन् वर त्याच पैशाचं मशिन घेतलंत. म्हनून मी परत आले न्हाई."

 चंदनाला वाटलं, आता तरी यशराज काही बोलेल. तो बोलला नाही. दीपमालानं चहा टाकला, चौघांचा. एक कप ती स्वतः जीपपाशी घेऊन गेली. लालासाहेबांनी तो दोन्ही हातांनी घेतला.

"मामा, पयला कागद तुमी गावात पारावर वाचला हुता. मान्सं जमवून. मी घरात बसून ऐकलं."

"व्हय पोरी."

"ह्योबी तितंच वाचा. तुमीच वाचा."

सोमवारी सकाळी नऊ वाजता लालासाहेब पारावर चढले. फौजी आवाज होता, शेवटच्या माणसापर्यंत पोचला. 'माझ्या सुनेनं चोरी केलेली नाही', एवढं कागदाबाहेरचं वाक्य त्यांनी शेवटी जोडलं आणि तिथंच त्यांचा आवाज फुटला. नाथाजी वडूजहून मुद्दाम आले होते. माणसं ऐकून आपापल्या कामाला गेली. चोरीची बातमी वर्षभर चघळली होती, ही दुपारपर्यंतही टिकली नाही.

अकरा वाजता कोर्टाच्या आवारात अंबूबाई सुनेच्या शेजारी बाकावर बसल्या होत्या.  पुकारा झाला तशी दीपमाला उठली.

"अजून इचार कर," लालासाहेब हलकेच म्हणाले. "आता तर समदं साफ झालंय."

"साफ तर हुतंच मामा," ती म्हणाली आणि आत गेली.

तिनं सही केली. यशराजनं पेन हातात घेऊन बराच वेळ काढला, मग त्यानंही केली. बाहेर आल्यावर दीपमाला अंबूबाईंच्या पाया पडली, सुभेदारांच्या पडली. चंदनानं नव्या दाखल्याची मूळ प्रत पुढं केली. ती दीपमालासाठीच आणलेली होती.

दीपमालानं तो कागद हातात घेतला, वरून खालपर्यंत एकदा बघितला आणि परत चंदनाच्या हातात दिला.

"ह्यो तुमीच ठिवा ताई. मला काय लागत न्हाई. तुमाला लागंल."

दहिवडीची एसटी लागलेली होती. दीपमाला रस्ता ओलांडून गेली आणि खिडकीची जागा धरून बसली. गाडी सुटेपर्यंत चंदना तिथंच थांबली. मग कागद पर्समध्ये ठेवून ती सांगलीच्या गाडीची चौकशी करायला निघाली.